बारा सुताची ट्यूब

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, ऐन दिवेलागणीला, मी आमच्या बैठकीत स्टुलावर उभा होतो. हातात नवीकोरी ट्यूब होती आणि ती पट्टीत बसत नव्हती. खाली सोनाळ्याहून आलेले माझे मेहुणे, त्यांची मंडळी आणि गल्लीतल्या चार सवाष्णी माना वर करून बघत होत्या. डावीकडच्या पिना होल्डरात घालाव्यात तर उजवी बाजू पोचत नव्हती. उजवीकडून जोर लावावा तर डावीकडचं सुटत होतं. होल्डर सैल झालं आहे, असा निर्वाळा मी वरूनच दिला. आवाजात इतका अधिकार होता की मेहुण्यांनी मान डोलावली.

खाली आमची सौ. मंगला टॉर्च धरून उभी होती. तिने टॉर्च पट्टीवरून काढला आणि टेबलावर पडलेल्या ट्यूबच्या रिकाम्या खोक्यावर धरला. वाचलं. मग पुन्हा टॉर्च वर केला, पण पट्टीवर नाही, माझ्या तोंडावर.

"अहो, हे तर अठ्ठावीसवाली बारीक हाय. दुकान कोणाचं म्हणलं आपलं?"

दुकान माझंच. दुसरबीडला रस्त्याला लागून इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, आणि आयुष्याचा मोठा भाग मी लोकांना हेच सांगण्यात घालवला आहे की ट्यूब घ्यायला येताना जुनी ट्यूब सोबत आणा. त्या संध्याकाळी मी जुनी ट्यूब सोबत नेली नव्हती. चष्माही नेला नव्हता. हाताला ओळख आहे, असा एक जुना गर्व होता, त्याच्या भरवशावर मांडणीतून ओढून आणली. जेवणं महालक्ष्म्यांपुढच्या लुकलुकणाऱ्या माळांच्या उजेडात झाली. मेहुण्यांनी कढी समजून पुरणावर आंबील वाढून घेतली, आणि ती फार छान लागली असं ते अजून सोनाळ्यात सांगत असतात.

तेव्हा ज्याला स्वतःच्या घरची ट्यूब धड आणता आली नाही, अशा माणसाकडून तुम्ही ट्यूबविषयी ऐकत आहात, हे आधीच सांगून ठेवतो.

ट्यूबची जाडी सुतात मोजतात. गवंड्याला, सुताराला सूत म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. जुनी जाडजूड ट्यूब बारा सुताची, म्हणजे दीड इंच, मुठीत भरणारी. ती चाळीस वॅटची. तिच्यामागून आठ सुताची आली, अंगठ्याएवढी, छत्तीस वॅटची. या दोघी लांबीने सारख्या, पिना सारख्या, आणि एकाच चोकवर नांदतात. जाड काढून बारीक लावली तरी पट्टीला पत्ता लागत नाही. मग आली पाच सुताची, करंगळीएवढी, अठ्ठावीस वॅटची. ती दोन-तीन बोटं आखूड, तिच्या पिना जवळजवळ, आणि तिला जुना तांब्याचा चोक चालत नाही, इलेक्ट्रॉनिकच लागतो. ती नव्या घरात सून म्हणून यायला तयार आहे, पण भांडीकुंडी स्वतःची घेऊन येते. महालक्ष्म्यांच्या दिवशी मी तिलाच जुन्या घरात बळजबरीने बसवत होतो.

आणि चोक म्हणजे काय, तर वेसण. ट्यूब एकदा पेटली की तिला थांबणं माहीत नसतं. मिळेल तेवढा करंट ओढत सुटते आणि स्वतःलाच संपवते. चोक तिला आवरून धरतो. म्हणून ज्याची वेसण त्यालाच. दोन फुटी ट्यूबला चार फुटीचा चोक लावला, तर ती चार दिवस लख्ख पेटते, बघणारा खूश होतो, आणि तिची टोकं काळी पडायला लागतात. उलट केलं तर चार फुटी नुसती मिणमिणते. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो तेव्हा ते म्हणतात, बसते ना? बसते. पिना बसतात. पण पिना बसल्या म्हणजे संसार होतो असं नाही.

एक गृहस्थ ट्यूबचं माप म्हणून ज्वारीचा धांडा तोडून घेऊन आले होते. बरोब्बर लांबीचा. मी म्हटलं, लांबी सगळ्यांची जवळजवळ एकच असते, जाडी सांगा. त्यांनी धांड्याकडे पाहिलं, विचार केला आणि म्हणाले, "याच्याएवढीच समजा." त्यांना मी आठ सुताची दिली. धांडा त्यांनी परत नेला, म्हशीसाठी.

तांब्याच्या चोकचा एक गुण सांगायचा राहिला. तो गुणगुणतो. पट्टीच्या पत्र्याला लागून असतो, त्यामुळे सगळी पट्टी बारीक कुरकुर करत राहते. मी एकदा घरी हौसेने इलेक्ट्रॉनिक चोक लावला. आवाज बंद, व्होल्टेज कमी असलं तरी ट्यूब झटक्यात पेटते, सगळं उत्तम. दोन-तीन दिवसांनी मंगला म्हणाली, घर मुकं झाल्यासारखं वाटते. मी हसलो. पण तिला झोप लागेना, हे खरं. शेवटी जुना चोक परत लावला. विकतो नवं, वापरतो जुनं, असा माझा धंदा.

आता कौतिकाबाईंचं सांगतो.

साखरखेर्ड्याच्या पुढे एक गाव आहे, नाव नको. तिथल्या मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भिंतीवर पट्ट्यांची रांग होती आणि प्रत्येक ट्यूबवर नाव होतं. हा आपल्याकडचा जुना रिवाज. देवळाला कुणी ट्यूब दिली की रंगाऱ्याला बोलावून काचेवर लाल रंगात लिहून घ्यायचं. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याकडून सप्रेम भेट. नाव मोठं, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, कधी खाली कमळ. एवढं लिहिल्यावर ट्यूबला स्वतःसाठी फार जागा उरत नाही. त्या मंडपात उजेड कमी आणि माणसं जास्त, अशी स्थिती होती. त्यातली बरीच माणसं वरच होती.

देवळाचे अध्यक्ष भगवानभाऊ हे सरळ माणूस. सप्त्याआधी सगळ्या पट्ट्या काढून एलईडीच्या बसवायच्या, असं त्यांनी ठरवलं आणि काम मला दिलं. त्यांची एकच अट होती. यापुढे उजेडावर कोणाचं नाव नाही. म्हाताऱ्या माणसांना पोथीचं अक्षर दिसत नाही आणि आपण उजेडावर रंग फासत बसतो, असं त्यांचं म्हणणं. धंद्याच्या दृष्टीने मला ते शंभर टक्के पटलं.

काम सुरू व्हायच्या आधीच्या दिवशी दुकानासमोर काळीपिवळी थांबली आणि त्यातून एक म्हातारी उतरली. काखेत लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. तान्हं मूल धरावं तसं एक हात खालून, एक वरून. काउंटरवर तिने ते सोडलं. बारा सुताची ट्यूब, टोकं काळी, आणि अंगावर लाल अक्षरं. रंग जुना, पण शाबूत. कै. सुखदेव, पुढे वडिलांचं नाव, यांच्या स्मरणार्थ, पत्नी कौतिकाबाई.

"हे पेटवून दे, बापू," ती म्हणाली.

मी टोकं पाहिली आणि सांगितलं की मावशी, ही गेली. ती म्हणाली, गेली हे मलेही माहीत हाय, पेटवून दे. मी नवी दाखवली. म्हटलं, आठ सुताची घ्या, तुमच्याच पट्टीत बसेल, तोच चोक चालेल, उजेडही चांगला. तिने नवी ट्यूब हातात घेऊन फिरवून पाहिली, जशी बाजारात वांगी पाहतात, आणि ठेवून दिली.

"याच्यावर काही लिहेल नाही."

मी म्हटलं, रंगाऱ्याला सांगू. आणि बोलता बोलता विचारलं, नाव काय होतं हो मालकांचं, पूर्ण? नाव समोर लिहिलेलं होतं, तरी सवयीने विचारलं. तिने बोट ट्यूबवर ठेवलं आणि अक्षरांवरून सावकाश शेवटपर्यंत नेलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, थोडा उशिरा, स्टार्टर जुना झालेल्या ट्यूबसारखा. तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलंच नव्हतं. जुन्या बायका घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तो गेल्यावर जे तोंडाने म्हणता येत नव्हतं, ते तिने काचेवर लिहून घेतलं होतं.

मग थोडं थोडं तिने सांगितलं. ते देवळात पोथी वाचायचे. मारुतीच्या डाव्या अंगाला त्यांची बसायची जागा, आणि तिथे नेमका अंधार. कंदील शेजारी घेऊन वाचायचे आणि घरी येऊन डोळे चोळायचे. ते गेल्यावर तिने त्याच जागेवर ट्यूब दिली. आता भगवान म्हणते सगळ्या सारख्या करायच्या. करू दे. पण सप्त्यात तेवढी पेटू दे, मग नेईन घरी, असं ती म्हणाली. मग ट्यूबकडे पाहून म्हणाली, "आमच्या दोघाचं नाव एका जागी तेवढं इथंच हाय, बापू. सातबाऱ्यावर बी मी एकटीच हावो."

मी ट्यूब तपासायला घेतली. ट्यूबच्या दोन्ही टोकांना आत बारीक तार असते. एका टोकाची शाबूत होती, दुसऱ्या टोकाची तुटली होती. अशी ट्यूब तांब्याच्या चोकवर सात जन्मात पेटत नाही. पण आमच्या धंद्यात एक खोडी आहे. मेलेल्या टोकाच्या दोन पिना तारेच्या एका केसाने एकमेकीला बांधायच्या आणि चोक इलेक्ट्रॉनिक लावायचा. त्याचा धक्का जोराचा असतो. कधी कधी ट्यूब उठून बसते. किती दिवस बसेल ते कोणी सांगू नये. हे घरी करू नका, आणि माझं नाव सांगून तर मुळीच करू नका.

बांधली, लावली, बटण दाबलं. एक क्षण काही नाही. मग एका टोकाकडून जांभळी झाक आली आणि ट्यूब पेटली. कौतिकाबाई हसल्या नाहीत. पदर सावरला, एवढंच. मी सांगितलं, मावशी, हिचा भरवसा नाही. त्या म्हणाल्या, "तुह्या नव्या ट्यूबचा तरी कुठं हाय? सप्ता होऊ दे."

भगवानभाऊंना पटवायला त्याहून वेळ लागला. ते म्हणाले, आज हिची ठेवली की उद्या सगळे आपापल्या बापाची ट्यूब घेऊन येतील. त्यांचं चुकत नव्हतं. काढलेल्या ट्यूबांच्या ढिगाकडे गावातली माणसं रोज येऊन आपलं नाव शोधून जात होती, हे मीही पाहत होतो. शेवटी तोडगा असा निघाला की एलईडीची रांग मोडायची नाही. कौतिकाबाईंची पट्टी तिच्या जागेवर, पण रांगेच्या खाली हातभर, आणि काल्याच्या दिवशी उतरवायची. भगवानभाऊ म्हणाले, "पण तुम्हीच उतरवा. मले मावशीच्या डोळ्यासमोर नाही जमाचं."

म्हणजे ते काम माझ्याकडे आलं. मला ते काही गोड वाटत नव्हतं. पेटवण्याचं श्रेय घ्यायला मी पुढे होतो, उतरवण्याचा विचार केलाच नव्हता.

सप्ता सुरू झाला. मी रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून त्या गावी जायचो. कधी वायर तपासायची, कधी माइक. खरं म्हणजे ट्यूब पाहायला जात होतो. ती पेटत होती. खाली पहिल्या रांगेत, नवऱ्याच्या बसायच्या जागेच्या अलीकडे, कौतिकाबाई बसलेल्या. त्या कीर्तन ऐकत होत्या की ट्यूब ऐकत होत्या, सांगता येत नाही. इलेक्ट्रॉनिक चोक असल्यामुळे ऐकायला तर काहीच नव्हतं.

काल्याच्या आदल्या संध्याकाळी कीर्तन रंगात आलं होतं आणि ट्यूब लवलवायला लागली. मी मागे खांबाला टेकून उभा होतो, तो सरळ झालो. टोकाकडे जांभळी झाली, पुन्हा पेटली, पुन्हा लवलवली, आणि गेली. आवाज नाही, काही नाही. बुवांचं कीर्तन चालूच होतं. पण पहिल्या रांगेतल्या बायकांनी वर पाहिलं, त्यांचं पाहून मागच्यांनी, आणि टाळकरी थोडे मागेपुढे झाले. बुवांनी अभंग थांबवून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

भगवानभाऊ काय झालं म्हणून उठून पट्टीखाली आले. मान वर केली. आणि तसेच उभे राहिले.

मलाही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं रात्री ती ट्यूब पेटत होती आणि दिवसा त्या कोपऱ्यात अंधार, त्यामुळे तिच्यावरचं नाव कोणालाच नीट वाचता आलं नव्हतं. पेटलेल्या ट्यूबकडे डोळे भरून बघता येतं कुठे? झगझगीत उजेडात काळे डाग दिसायचे, बस. आता ती विझली होती, हातभर वर नवा एलईडीचा पांढरा उजेड होता, आणि दुधी काचेवर लाल अक्षरं अशी उठून दिसत होती, की मंडपाच्या दारातूनही वाचावीत. ट्यूब पेटवायला मी जी काय विद्या खर्च केली होती, ती नाव झाकायच्याच कामी आली होती.

भगवानभाऊ लहानपणी शाळेत वाचायचे तसे मोठ्याने वाचत गेले. एकेक शब्द. सुखदेव. मग वडिलांचं नाव. यांच्या स्मरणार्थ. पत्नी कौतिकाबाई. टाळ थांबले होते, त्यामुळे मंडपभर ऐकू गेलं. कौतिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. कोणीतरी दुसऱ्याने ते नाव मोठ्याने घेतलेलं त्यांनी किती काळाने ऐकलं असेल, देव जाणे. मागून एक म्हातारा म्हणाला, "सुखदेव काय? त्याच जागी बसे तो. कंदील घेऊन." मग आणखी कोणीतरी म्हणालं, त्याचा आवाज चांगला होता. अभंग पुढे सुरू झाला.

कीर्तनानंतर मी पुढे गेलो. माफीसारखं काहीतरी बोलायला लागलो, की दुसरा चोक लावून पाहतो, सकाळपर्यंत काहीतरी करतो. कौतिकाबाईंनी मला हाताने थांबवलं.

"कायले करतं? दिसून तर राह्यलं."

मी भगवानभाऊंकडे पाहिलं. ते अजून वरच बघत होते. म्हणाले, ही उजेड तर अडवत नाही, आणि लाइटही खात नाही. मग मला विचारलं, "आता हे किती दिवस टिकन?"

मी म्हटलं, एकदा गेली ती पुन्हा कशी जाईल?

"मंग राहू द्या," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी काला झाला, दहीहंडी फुटली, ट्यूब उतरवली नाही. मी फक्त पट्टीत जाणारी वायर कापली, चोक काढून घेतला आणि पिना होल्डरात घट्ट केल्या. त्या गावाला अजून कामासाठी जाणं होतं. भगवानभाऊंची भीती खरी ठरली. ढिगातल्या ट्यूबा एकेक करून परत भिंतीवर चढल्या, सगळ्या विझलेल्या, सगळ्या वाचता येणाऱ्या. माझ्या धंद्याला त्यातून काडीचा फायदा नाही. त्यांना ना चोक लागतो, ना स्टार्टर, आणि कोणती कोणत्या पट्टीत बसते हे विचारायलाही कोणी येत नाही.

त्या दिवशी काल्याचा प्रसाद घेऊन घरी आलो आणि हे सगळं मंगलाला सांगितलं. ती बैठकीत अंबाडी निवडत बसली होती. वर आठ सुताची ट्यूब, या वेळी बरोबर आणलेली, आणि जुना चोक आपली कुरकुर करत होता. गोष्ट सांगून झाल्यावर माणसाला उगीच स्वतःविषयी वाटायला लागतं, तसं मला वाटलं. विचारलं, मी गेल्यावर तू माझं नाव कशावर लिहून घेशील? पट्टीवर, का ट्यूबवर?

तिने मान वर केली नाही. एक जाड काडी मोडून बाजूला टाकली.

"चोकवर," ती म्हणाली. "दिसाचं कोणालेच नाही. पण घरात कुरकुर राहीन तेवढी."